लेकराचे हातपाय वारंवार ठणकतात? सिकलसेलची तपासणी करून घ्या

आंजी (मोठी): लेकरू वारंवार आजारी पडतं, अंगात रक्त भरत नाही, डोळे पिवळे दिसतात, थंडीत हातपाय ठणकतात. घरचे याला कधी वात म्हणतात, कधी नजर. विदर्भात अशा वेळी सिकलसेलची शंका आधी घ्यावी. नागपूरच्या डॉक्टरांनी या भागातल्या सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केली होती.

आजार कशामुळे होतो?
हा आजार जनुकातून येतो. तो स्पर्शाने किंवा उष्ट्याने पसरत नाही. गोल रक्तपेशी विळ्यासारख्या होऊन बारीक नसांत अडकतात, म्हणून कळा येतात. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. दोष एकट्या आईचा नसतो. वाहकाला सहसा त्रास होत नाही, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही.

लक्षणे कधी दिसतात?
साधारण सहा महिन्यांनंतर. पहिली खूण बऱ्याचदा हातापायांच्या पंजांची दुखरी सूज असते.

तपासणी कुठे?
प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली, तर वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतून ठरते. आशाताईंना विचारा. आंजी परिसराला सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय जवळ आहे.

घरी काय काळजी घ्यावी?
• भरपूर पाणी पाजा. थंडी, कडक ऊन आणि अति दमणूक टाळा.
• फॉलिक ॲसिड आणि डॉक्टरांनी दिलेल्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या मनाने बंद करू नका.
• लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच द्या.
• सगळ्या लसी वेळेवर द्या. न्यूमोकोकलची लस चुकवू नका.

दवाखान्यात लगेच कधी न्यावे?
ताप, धाप, छातीत दुखणे, अचानक पांढरे पडणे, डाव्या बरगडीखाली पोट फुगणे किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे. यात रात्र काढू नका. सिकलसेलच्या लहान लेकराचा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. १०८ वर फोन करा.

लग्नाआधी
पत्रिकेबरोबर दोघांच्या रक्ताचा रिपोर्टही पाहा. दोघे वाहक निघाले तर डॉक्टरांचा सल्ला घ्या. गरोदरपणात सुरुवातीलाच बाळाची तपासणी करता येते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. त्यामुळे रुग्णाला दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.