तगर ते तेर

हैदराबादेहून पुण्याकडे जाणारा प्रवासी उमरगा, नळदुर्ग मागे टाकीत सोलापूर गाठतो. भाविक असल्यास वाट वाकडी करून तुळजापुरी भवानीचे दर्शन घेतो. परंतु धाराशिवच्या ईशान्येस, तेरणा नदीच्या काठी वसलेल्या तेर या गावाकडे त्याची पावले सहसा वळत नाहीत. वळलीच तर गोरोबाकाकांच्या समाधीवर मस्तक टेकवून तो परत फिरतो. आपण एका काळी रोमन जगाला ठाऊक असलेल्या नगरीत उभे होतो, ही गोष्ट त्याच्या ध्यानीही येत नाही. मीदेखील प्रथम गेलो तो असाच, एका वारकरी आप्तांच्या सोबतीने.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेले ‘पेरिप्लस’ हे समुद्रप्रवासाचे वर्णन प्रसिद्ध आहे. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर, असे तो सांगतो. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड येत. तगरहून जाडेभरडे कापड आणि नाना जातींची मलमल येई. हा सारा माल रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरी नेत. पुढे टॉलेमीच्या भूगोलातही तगरचे नाव येते. आपल्याकडे शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ ही पदवी मोठ्या अभिमानाने मिरवीत. उत्तर कोकण आणि कोल्हापूर येथील त्यांच्या लेखांत ती वारंवार आढळते. राज्य समुद्राकाठी वा पंचगंगेकाठी, आणि अभिमान मात्र दूरच्या तेरणेकाठच्या नगरीचा! मूळ गावाचे नाव आडनावात जपणाऱ्या मराठी मनाला यात नवल वाटू नये.

असे असूनही एकोणिसाव्या शतकात हे तगर कोठे होते, हे कोणासही निश्चित सांगता येत नव्हते. विल्फर्डने देवगिरीकडे बोट दाखविले, पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरचा पक्ष घेतला, यूल यांना गुलबर्गा योग्य वाटले, तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूरचे नाव सुचविले. या वादात आपल्या हैदराबादचाही थोडा वाटा आहे. येथे सापडलेल्या दुसऱ्या पुलकेशीच्या शके 534, म्हणजे इ. स. 612 च्या ताम्रपटात दान घेणारा ब्राह्मण तगरचा रहिवासी असल्याचे म्हटले आहे. म्हणजे सातव्या शतकातही हे नाव लोकांच्या तोंडी होते. अखेर 1901 साली फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर हे साधार मांडले, आणि आज ते सर्वमान्य आहे.

फ्लीट यांच्या प्रतिपादनातील भाषेचा भाग भाषाशिक्षकांनी अवश्य पाहावा असा आहे. ‘नगर’ शब्दातील ‘ग’ प्राकृतात लोपला, ‘नयर’ झाले आणि त्याचे मराठीत ‘नेर’ उरले. पारनेर, जामनेर, पिंपळनेर ही नावे आपण नित्य उच्चारतो. त्याच न्यायाने तगर, तयर, तेर. ज्या नावासाठी विद्वान डोंगरी किल्ले आणि राजधान्या धुंडाळीत होते, ते तेथल्या शेतकऱ्याच्या आणि कुंभाराच्या जिभेवर झिजून, पण जिवंत राहिले होते. वर्गात ध्वनिपरिवर्तनाचे नियम शिकविताना आपण पुस्तकी उदाहरणे देतो. त्यांऐवजी हे एक गाव पुरेसे आहे.

गावात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे, मागील बाजू गजपृष्ठाकार. हेन्री कझिन्स यांनी ते पाहून मुळात हा बौद्ध चैत्य असावा असे मत दिले आणि आंध्रातील चेझर्ल्याच्या कपोतेश्वर मंदिराशी त्याची तुलना केली. मला हे मत पूर्णपणे पटत नाही. गजपृष्ठाकार बांधणी ही कोणा एका धर्माची मिरास नव्हती. त्या काळचे गवंडी बौद्धांसाठी व ब्राह्मणांसाठी एकाच हाताने विटा रचीत. मात्र तेरला बौद्धांचे मोठे ठाणे होते यात संशय नाही, कारण उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत. उत्तरेश्वराच्या विटांच्या मंदिराची लाकडी कोरीव द्वारशाखाही विसरण्यासारखी नाही. येथल्या काही जुन्या विटा इतक्या हलक्या आहेत की त्या पाण्यावर तरंगतात.

1957-58 च्या सुमारास चापेकरांनी येथे उत्खनन केले आणि पुढेही ते होत राहिले. परंतु तेरचे धन वाचविण्याचे श्रेय आधी द्यावयाचे ते रामलिंगप्पा लामतुरे या तेथल्याच व्यापारी गृहस्थाला. शेतात नांगराला लागलेले, पांढरीची माती उकरताना निघालेले मणी, नाणी, मृण्मूर्ती आणि खापरे त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केली. तसे न होते तर हे सारे पोरांच्या खेळात आणि घरांच्या धाब्यांवर गेले असते. त्यांच्या संग्रहातूनच आजचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले व त्याला त्यांचे नावही आहे. तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती जगप्रसिद्ध झाली. इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात 1938 साली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी हिचे विलक्षण साम्य आहे. तशाच घडणीचा एक अवशेष भोकरदनलाही मिळाला आहे. पाँपेईची मूर्ती नेमकी कोठे घडली याचा निवाडा करण्याची घाई करू नये. पण ती घडविणारे हात आपल्या मुलखातले असण्याचा संभव हसण्यावारी नेण्याजोगा राहिलेला नाही.

संग्रहालयातील खापरे पाहून मी समाधीकडे गेलो. गोरोबांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कच्चे-पक्के मडके ठरविल्याची आणि त्यात नामदेव कच्चे निघाल्याची कथा आपण सर्वच सांगतो. परंतु सातवाहनकालीन भांड्यांचे ते तांबडे, गुळगुळीत काठ नुकतेच पाहिलेले असले म्हणजे तीच कथा निराळी ऐकू येते. गोरोबांच्या अंगणातील चाकामागे हजार-बाराशे वर्षांची कुंभारकी उभी होती. त्यांच्या चरित्राची व्याख्याने देणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी ही माती हाती घेऊन पाहिली असेल? मी स्वतः तोवर घेतली नव्हती.

तेरणेला त्या दिवशी पाणी नव्हते. वाळूत दोन म्हातारे बसले होते. कोठून आलात, असे त्यांनी विचारले. हैदराबाद म्हणताच एक म्हणाला, “मग आमच्याच नदीचं पाणी पिता की तुम्ही.” तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरेचे पाणी हैदराबादच्या नळांना येते, हे मला नकाशातून ठाऊक होते, तेरच्या वाळूत उभे राहून ते प्रथमच ऐकत होतो.