दरडीनंतर मुलांच्या मनात काय होतं? उपचार कुठे मिळतात?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबलं. वाडीतली काही मुलं त्या रात्री निवासी आश्रमशाळेत होती, म्हणून वाचली. त्यातल्या कित्येकांच्या घरची माणसं मात्र गेली.

अशा धक्क्यानंतर लहान मूल 'मला त्रास होतोय' असं सांगत नाही. सुटलेली सवय परत येते आणि ते अंथरूण ओलं करू लागतं. आईचा पदर सोडत नाही, ढग गडगडले की थरथरतं, सारखं पोट दुखतं म्हणतं. कधी खेळातही घर पडतं आणि माणसं गाडली जातात, तोच खेळ पुन्हा पुन्हा. किशोरवयात चित्र वेगळं असतं: चिडचिड, शाळा बुडवणं, तंबाखू-दारू आणि 'मीच का वाचलो?' ही टोचणी. घरचे याला हट्टीपणा म्हणतात, नाहीतर बाहेरची बाधा समजून भगताकडे नेतात. त्यात महिने जातात.

हा प्रत्येक वेळी आजारच असतो का? नाही. पहिले काही आठवडे भीती वाटणं साहजिक आहे. ओळखीची माणसं जवळ असली, शाळा आणि जेवणझोपेच्या वेळा पुन्हा लागल्या की बहुतेक मुलं सावरतात. 'काय झालं ते सगळं सांग' म्हणून मुलाला खोदून विचारू नये. कॅमेऱ्यासमोर तर मुळीच नाही. महिना उलटूनही त्रास कमी होत नसेल, तर डॉक्टरांकडे न्यावं. मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी.

उपचारात मुख्य भाग बोलण्याचा असतो. समुपदेशक भीतीला हळूहळू सामोरं जायला शिकवतात, पालकांनाही सोबत बसवतात. लहानांसाठी चित्रं आणि खेळ वापरतात. गोळ्या सरसकट दिल्या जात नाहीत. किशोरांच्या तीव्र नैराश्यात मात्र त्या उपयोगी पडतात, आणि डॉक्टरांना न विचारता बंद करायच्या नसतात.

खरी अडचण अंतराची. कर्जत तालुक्यातल्या पोशीरहून अलिबागचं जिल्हा रुग्णालय लांब पडतं. त्यापेक्षा नेरळहून लोकलने ठाणे गाठणं सोपं. तिथं १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. (कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानी यांचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे, पण ते रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांसाठी.) घरून बोलायचं तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं. सरकारी दवाखान्यांत १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक चालतात. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ आहे.

'मनोरुग्णालय' म्हटलं की पालक दचकतात. पण तिथं जाणं म्हणजे दाखल होणं नव्हे. बहुतेकांचं काम बाह्यरुग्ण विभागातच होतं. दाखल करायची वेळ आलीच, तर २०१७ च्या कायद्यानुसार दोन तज्ज्ञांनी मुलाला स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्याला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि आई, वडील किंवा पालकाने ठरवलेलं माणूस पूर्ण वेळ त्याच्याजवळ राहतं.