एक लाख कबुतरं मारूनही ती तेवढीच कशी राहिली? बाझल शहराची गोष्ट



काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक काकू खोकल्यासाठी येऊ लागल्या. वय साठीच्या आसपास, तंबाखू-सिगारेटचा प्रश्नच नाही. कोरडा खोकला आणि जिना चढताना धाप. मी दमा समजून पंप दिला. थोडं बरं वाटायचं, पुन्हा तेच. असं वर्षभर चाललं. एका भेटीत त्यांची पाठ तपासताना फुप्फुसांच्या तळाशी चुरचुर ऐकू आली. चपलेची वेल्क्रोची पट्टी हळूच उघडताना येतो तसा आवाज. दम्यात तो येत नाही. सीटी स्कॅन केला, छातीरोगतज्ज्ञांचं मत घेतलं आणि निदान झालं : हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस. मग मी तो प्रश्न विचारला, जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

"काकू, घरात किंवा आसपास कबुतरं आहेत का?"

"आहेत ना डॉक्टर. रोज सकाळी बाल्कनीत किलोभर ज्वारी घालते मी. हे गेल्यापासून घालते."

माझी चूक इथे कबूल करून ठेवतो, कारण त्या एका वर्षात त्यांच्या फुप्फुसांचं जे नुकसान झालं ते भरून आलेलं नाही.

हा आजार जंतूंचा नाही, संसर्गजन्यही नाही. कबुतराच्या वाळलेल्या विष्ठेत आणि पिसांवरच्या पांढऱ्या भुकटीत अतिसूक्ष्म प्रथिनं असतात. ती श्वासावाटे रोज आत जात राहिली की काही जणांची प्रतिकारशक्ती त्यांच्याविरुद्ध चवताळून उठते आणि त्या भांडणात फुप्फुसाला सूज येते. सगळ्यांना हे होत नाही. एकाच घरात एकाला होतं, दुसऱ्याला नाही. वेळेत संपर्क तुटला तर सूज उतरते. नाही तुटला तर फुप्फुसावर व्रण पडतात, ते ताठर होतं, आणि तो बदल कायमचा असतो.

वैद्यकशास्त्राला ही ओळख तशी उशिराच झाली. बुरशी आलेलं गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांच्या फुप्फुसविकाराचं वर्णन इंग्लंडमध्ये १९३२ साली झालं होतं. कबुतरं पाळणाऱ्यांमधल्या अशाच आजाराचं वर्णन चार्ल्स रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात केलं. आपल्याकडे २०१७ साली फुप्फुसाच्या जाळीदार आजारांच्या १०८४ रुग्णांची देशव्यापी नोंद प्रसिद्ध झाली. त्यातल्या ४७.३ टक्के रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस होता. सगळा दोष कबुतरांचा नाही हं. त्या नोंदीत बुरशी धरलेल्या एअर कूलरचा वाटा मोठा होता. पण पक्ष्यांचा संपर्कही त्यात ठळकपणे होता.

निदान समजल्यावर काकूंच्या मुलाने विचारलं, "मग या कबुतरांचं करायचं काय? विष घालायचं का?" हा प्रश्न मला दवाखान्यात अनेकदा ऐकायला मिळतो, कधी रागाने, कधी दबक्या आवाजात. याचं उत्तर एका शहराने पंचवीस वर्षं चुकत चुकत शोधलेलं आहे. ते शहर स्वित्झर्लंडमधलं बाझल. ऱ्हाईन नदीकाठचं, औषध कंपन्यांसाठी प्रसिद्ध असलेलं.

बाझलमध्ये साधारण वीस हजार कबुतरं होती. जुन्या इमारती विष्ठेने खराब होत होत्या, लोकांच्या तक्रारी होत्या. शहराने सरळ उपाय निवडला : सापळे लावायचे आणि गोळ्या घालायच्या. १९६१ ते १९८५ या काळात तिथे सुमारे एक लाख कबुतरं मारली गेली. हिशेब करून पाहा. वर्षाला सरासरी चार हजार, म्हणजे दर पाचातलं एक. आणि पंचवीस वर्षांनी शहरात कबुतरं किती? तितकीच. वीस हजारांच्या घरात.

हे कसं, ते समजायला कबुतराचा इतिहास थोडा पाहावा लागतो. आपल्या खिडकीत बसणारं कबूतर हे रानातून आलेलं पाखरू नाही. मूळचं ते समुद्रकाठच्या आणि डोंगरातल्या कड्यांवर राहणारं. माणसाने हजारो वर्षांपूर्वी ते पाळलं. मांसासाठी, खतासाठी, निरोप धाडण्यासाठी. पाळताना साहजिकच वर्षभर अंडी घालणाऱ्या आणि घर न सोडणाऱ्या जोड्या निवडल्या गेल्या. पुढे यातलीच काही सुटली, पळाली आणि शहरात राहू लागली. इमारतींचे छज्जे, एसीच्या मागची जागा, डक्ट हे त्यांना कड्यासारखेच. वर्षभर विणीची सवय मात्र आपणच लावलेली.

आणखी एक गंमत सांगतो. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना तिला अळ्या-किडे भरवावे लागतात. कबुतराच्या नर-मादी दोघांच्याही गळ्यातल्या अन्नपिशवीत दुधासारखा घट्ट पदार्थ तयार होतो आणि पिल्लं त्यावर वाढतात. म्हणजे कबुतराला संसार थाटायला किडे लागत नाहीत, ऋतू लागत नाही. ज्वारी पुरते. एका खेपेला दोन अंडी, साधारण अठरा दिवसांत पिल्लं, महिना-सव्वा महिन्यात ती उडायला तयार, आणि तोवर बऱ्याचदा पुढची अंडी घालूनही झालेली असतात.

अशा पक्ष्याची संख्या शेवटी ठरते ती उपलब्ध अन्नावर आणि जागेवर. दाणे शोधत दिवसभर फिरावं लागलं तर अंडी-पिल्लांना वेळ कमी. तासाभरात पोट भरलं तर उरलेला दिवस मोकळा. बाझलमध्ये दरवर्षी चार हजार कबुतरं मारली, तेव्हा त्यांच्या वाटणीचे दाणे आणि घरट्यांच्या जागा उरलेल्यांना मिळाल्या. एरवी पहिल्या वर्षात मरून गेली असती अशी पिल्लं जगली. बंदूकवाला पक्षी काढत होता आणि दाणे घालणारा ती जागा भरून देत होता, दोघंही बहुधा एकाच करातून पगार घेणारे आणि कर भरणारे नागरिक!

हे नीट मांडलं ते बाझल विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ डॅनियल हाग-वाकरनागेल यांनी. १९८८ साली तिथल्या प्राणीरक्षण संस्थेला सोबत घेऊन नवी मोहीम सुरू झाली. मला या मोहिमेतलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं ते हे की ती कबुतरांपासून नव्हे, माणसांपासून सुरू झाली. दाणे घालणारी माणसं कोण असतात? बहुतेक वेळा एकटी, वयस्कर, मनाने हळवी. त्यांना 'तुमच्यामुळे घाण होते' असं सांगून काही होत नाही, कारण ती घाणीसाठी नव्हे, मायेपोटी घालत असतात. म्हणून पत्रकांतून आणि भित्तिचित्रांतून त्यांच्या मायेलाच हात घातला. गर्दीत वाढलेली, उवा-गोचिडांनी आणि आजारांनी पोखरलेली पिल्लं त्यांना दाखवली. तुम्ही घातलेल्या दाण्यांतून जास्त पिल्लं जन्मतात आणि त्यातली कित्येक अशी हाल होऊन मरतात, हे समजावून सांगितलं.

नुसतं 'बंद करा' म्हटलं असतं तर लोकांनी लपून घातलं असतं. म्हणून शहरातल्या काही इमारतींत देखरेखीखाली कबुतरांची घरं उभारली. तिथे स्वच्छता व्हायची आणि अंडी काढून घेतली जायची. या घरांत शहरातली थोडीच कबुतरं मावत होती, त्यामुळे काढलेल्या अंड्यांनी एकूण संख्येवर फार फरक पडला असता असं नाही. खरा उपयोग वेगळा होता. कबुतरांची काळजी कुणीतरी घेतंय हे लोकांना दिसलं, आणि हात आखडणं त्यांना जमलं. सुमारे पन्नास महिन्यांत बाझलची कबुतरं निम्म्यावर आली, वीस हजारांवरून दहा हजारांकडे. १९९३ साली याचा वृत्तांत 'नेचर'मध्ये आला.

पुढे जर्मनीत ऑग्सबर्गने या घरांवरच अधिक भर दिला. तिथे खरी अंडी काढून नकली ठेवतात, म्हणजे मादी त्यांवर बसून राहते आणि लगेच नवी घालत नाही. हे काम चिकाटीचं आहे. आठवड्या-आठवड्याला कुणीतरी माळ्यावर चढलं पाहिजे. बार्सिलोनाने २०१७पासून निकार्बाझिन लावलेला मका यंत्रातून द्यायला घेतला. हे मूळचं कोंबड्यांना आतड्याच्या एका आजारासाठी दिलं जाणारं औषध. त्याने अंडी उबत नाहीत, हा त्याचा दुष्परिणाम इथे उपयोगी पडला. पण औषध रोज पोटात जावं लागतं, थांबवलं की परिणाम संपतो. आणि शेजारच्या चौकात फुकटची ज्वारी पडलेली असेल तर कबूतर यंत्राकडे येईल कशाला?

लंडनच्या ट्राफल्गार चौकाची गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे, कारण तिथे वाद पेटला होता. महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी २००१मध्ये चौकातली दाणे विक्री बंद केली, २००३मध्ये चौकात दाणे घालायलाच बंदी आली. पक्षिप्रेमींचं म्हणणं होतं की पिढ्यान्पिढ्या आयत्या दाण्यांवर जगलेली पाखरं अशी एकदम उपाशी मरतील. ते रास्तच होतं. शेवटी पहाटेच्या वेळी ठरावीक दाणे घालून ते प्रमाण हळूहळू कमी करण्याची तडजोड झाली. व्हेनिसमध्ये सेंट मार्क चौकातले दाणे विकणारे २००८मध्ये उठवले गेले.

आपल्याकडे काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. २०२५च्या जुलैमध्ये मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्याची घोषणा झाली, उच्च न्यायालयाने बंदी मोडून दाणे घालणाऱ्यांवर गुन्हे नोंदवायला सांगितलं. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आंदोलकांनी ती ओढून काढली. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. एक डॉक्टर म्हणून दाट वस्तीतली ही दाणेघालणी थांबावी याच मताचा मी आहे. तरी ताडपत्रीचा तो प्रकार पाहून मला वाईट वाटलं. जीवदया ही कित्येक घरांची पिढीजात श्रद्धा आहे. बाझलने पत्रकं आधी वाटली होती. आपण ताडपत्री आधी आणली.

काकूंच्या बाबतीत मी बाझलचाच कित्ता गिरवला. त्यांना औषध देताना मुलाला सांगितलं की विष वगैरे डोक्यातून काढ. त्याने कबुतरं तडफडून मरतात, त्यांना खाणाऱ्या घारी आणि मांजरंही मरतात, आणि महिन्याभरात जागा पुन्हा भरते. दाणे त्यांनी दर दोन दिवसांनी मूठ-मूठ कमी करायचे ठरवलं. घालायचे ते सुनेने, गच्चीवर. काकूंनी तिकडे फिरकायचं नाही. बाल्कनीच्या कोपऱ्यात एक घरटं होतं. त्यातली पिल्लं उडून जाईपर्यंत थांबून मग जाळी लावून घेतली. आई-बाप बाहेर आणि पिल्लं आत अडकली तर ती भुकेने मरतात, म्हणून हे थांबणं महत्त्वाचं.

तुमच्या घरी साफसफाई करायची असेल तर वाळलेली विष्ठा कधीही झाडूने कोरडी झाडू नका. आधी पाणी शिंपडून पूर्ण भिजवा, एन-९५ मास्क लावा, मग खरवडून पिशवीत भरा. ज्यांना या आजाराचं निदान झालंय त्यांनी हे काम स्वतः करायचं नाही, त्या दिवशी घरातही थांबायचं नाही. आणि खोकला तीन आठवड्यांच्या पुढे गेला, धाप लागते, वजन उतरतंय, तर डॉक्टरांना कबुतरांबद्दल तुम्हीच आपणहून सांगा. आम्ही विचारायला विसरतो.

दाणे पूर्ण बंद व्हायला दीड महिना लागला. काकू सांगत होत्या, पहिले काही दिवस कबुतरं जाळीवर येऊन बसायची, त्यांना बघवत नसे. मग कमी होत गेली. मागच्या महिन्यात त्या तपासणीला आल्या होत्या. खोकला जवळजवळ गेलाय. पण एक मजला चढला की थांबावं लागतं आणि ते आता तसंच राहील, हे त्यांनाही माहीत आहे. जाता जाता म्हणाल्या, "डॉक्टर, समोरच्या इमारतीत आता एक आजोबा घालतात. त्यांची बायको गेली मागच्या वर्षी. मी जाऊन बोलू का त्यांच्याशी?"

मी म्हटलं, बोला. मास्क लावून जा.