तळटीप : आठ ते अकरा येरझाऱ्या

१४. दोस्तोयेव्हस्कीच्या 'नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड' (१८६४) या दीर्घकथेतला निवेदक झ्वेर्कोव्ह या जुन्या शाळासोबत्याच्या निरोपाच्या मेजवानीत ओढूनताणून घुसतो. मेजवानी देणाऱ्यांपैकी सिमोनोव्हचे जुने पंधरा रूबल देणे असतानाही. वेळ पाचाची सहा झाल्याचे त्याला कोणी कळवत नाही; अर्धवट मांडलेल्या टेबलापाशी तो ताटकळतो. मग दारू, वादावादी आणि द्वंद्वाचे आव्हान, ज्यावर सगळे हसतात. पुढे मंडळी सोफ्यावर रेलतात आणि हा टेबलापासून शेगडीपर्यंत तीन तास फेऱ्या घालतो, मुद्दाम बूट आपटत. निघून का जात नाही? आपले नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करण्याचीच ही तऱ्हा. फक्त इथे समोरच्यांना अपशकुनाचा पत्ताच नाही.

चेर्निशेव्हस्कीच्या 'काय करावे?' (१८६३) या कादंबरीतील विचार असा, की खरे हित उमगले की माणूस त्यानुसारच वागेल. निवेदक त्याला खोडून काढतो: आपण पियानोची पट्टी नाही, एवढे दाखवायलाही माणूस स्वतःचे वाटोळे करून घेईल. काही अभ्यासक या येरझाऱ्यांचा अर्थ इथूनच लावतात. आम्हाला ते तितकेसे पटत नाही. तत्त्वज्ञान सांगणारा निवेदक चाळिशीचा आहे, मेजवानीतला चोवीस वर्षांचा. पुस्तकात सिद्धान्त आधी येतो, आयुष्यात फजिती आधी झाली. म्हणजे सिद्धान्त ही मागाहून केलेली सारवासारव असण्याचा संभव अधिक. शिवाय पुढे लिझा या वेश्येच्या मुठीत तो पाच रूबलची नोट कोंबतो, तेव्हा स्वातंत्र्य वगैरे कशाचाच प्रश्न नसतो. तिने त्याच्यावर दया केलेली असते, इतकेच.