सावलीविरुद्धचा दावा

1963 सालचा उन्हाळा. शिकागोजवळच्या ओक पार्क या शांत उपनगरात एका घरासमोर मोटारी उभ्या असत. घरमालक बाहेर पडला, की त्याही निघत. तो हॉटेलात गेला की हॉटेलापाशी थांबत, चर्चमध्ये गेला की चर्चपाशी. तो गोल्फ खेळायला गेला, तर मोटारीतली माणसे मैदानावरही त्याच्या पाठोपाठ. ही माणसे होती एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेची. आणि घरमालक होता सॅम जियानकाना, एकेकाळी अल कपोनने चालवलेल्या टोळीचा म्होरक्या. गंमत म्हणजे, तरुणपणी भरधाव गाडी हाकून साथीदारांना पळवून नेण्यातच या गृहस्थाने नाव कमावले होते!

ही वेळ का आली? देशभर पसरलेली गुंडांची संघटना अस्तित्वात आहे, हे मान्य करायला एफबीआयचे प्रमुख एडगर हूव्हर बरीच वर्षे तयार नव्हते. 14 नोव्हेंबर 1957 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या अपालचिन गावी बड्या गुंडांची बैठकच स्थानिक पोलिसांनी उधळली आणि नाकारण्याची सोय संपली. 1961 मध्ये रॉबर्ट केनेडी अ‍ॅटर्नी जनरल झाल्यावर मोहिमेला आणखी जोर आला.

पाळत दोन प्रकारची असते. माहिती काढायची असेल, तर पाठलाग लपून करायचा. गाड्या आळीपाळीने बदलायच्या, अंतर राखायचे, सावजाला संशय येऊ द्यायचा नाही. पण जियानकानाच्या मागच्या गाड्या लपत नव्हत्या. आम्ही आहोत, हे त्याला दिसावे हाच त्यांचा हेतू होता. पोलिसांना सोबत घेऊन हिंडणाऱ्या माणसाला भेटायला कोण येणार? त्याचा धंदाच बसावा, अशी ही योजना होती.

वैतागलेल्या जियानकानाने काय करावे? तो थेट न्यायालयात गेला. ‘चोराच्या उलट्या बोंबा’ असेच कोणीही म्हटले असते. पण न्यायाधीश रिचर्ड ऑस्टिन यांनी दावा ऐकून घेतला. कार्यकारी विभागाच्या कामात न्यायालयाला हस्तक्षेप करता येत नाही, अशी सरकारची भूमिका होती. शिकागोतले एफबीआयचे प्रमुख मार्लिन जॉन्सन यांनी वरिष्ठांच्या आदेशावरून प्रश्नांची उत्तरे नाकारली, तेव्हा न्यायाधीशांनी त्यांना पाचशे डॉलर दंड ठोठावला. पुढे निकालही जियानकानाच्या बाजूने लागला. पाळत ठेवा, पण मोटारींच्या संख्येला मर्यादा हवी, आणि गोल्फच्या मैदानावर त्याच्या व तुमच्या मध्ये चार खेळाडूंचा एक गट सोडा!

देशभर हशा पिकला. 1964 मध्ये अपील न्यायालयाने हा आदेश रद्द केला, तोही तांत्रिक मुद्द्यावर. वादातली रक्कम दहा हजार डॉलरहून जास्त असल्याचे दाव्यात दाखवलेले नव्हते. नागरिकाचा असा पाठलाग कुठवर करावा, हा मूळ प्रश्न तसाच राहिला.

या नाट्याची खरी गोम मात्र वेगळीच होती. जियानकानाचा अड्डा असलेल्या आर्मरी लाउंज या उपाहारगृहात एफबीआयने चोरून मायक्रोफोन बसवला होता. त्यासाठी न्यायालयाची परवानगी नव्हती. डोळ्यांना दिसणाऱ्या मोटारींविरुद्ध दावा लावता आला. न दिसणाऱ्या मायक्रोफोनविरुद्ध तो कसा लावणार? आणखी एक विसंगती पाहा. एफबीआय ज्याच्या मागावर होती, त्याच माणसाला 1960 मध्ये सीआयए या दुसऱ्या सरकारी संस्थेने क्यूबाच्या कॅस्ट्रोला मारण्याच्या कटात घेतले होते. या कटाची चौकशी करणारी सिनेटची समिती जियानकानाची साक्ष घेणार होती. त्याआधीच, 19 जून 1975 च्या रात्री, राहत्या घराच्या तळघरात त्याचा गोळ्या घालून खून झाला. खुनी आजवर सापडलेला नाही.

पुढे पाठलागाला मोटारीचीही गरज उरली नाही. वॉशिंग्टनमधल्या अँटवान जोन्स या अमली पदार्थांच्या प्रकरणातील संशयिताच्या वापरातील जीपला तपास अधिकाऱ्यांनी जीपीएस यंत्र चिकटवले आणि 28 दिवस त्या गाडीची हालचाल टिपली. परवान्याची मुदत तेव्हा संपलेली होती. जानेवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सर्व नऊ न्यायाधीशांनी ही घटनेच्या अर्थाने झडतीच आहे, असा निर्णय दिला.

जियानकानाबद्दल कोणाला सहानुभूती वाटण्याचे कारण नाही. पण त्याला निदान आरशात मागची गाडी दिसत होती. म्हणून तर तो न्यायाधीशांसमोर उभा राहू शकला. आरशात काहीच दिसत नसेल, तेव्हा आपण दाद कोणाविरुद्ध मागायची?