नरक्या : एका वृक्षनामाचा आणि एका औषधाचा इतिहास

वनस्पतींची लोकनामे ही भाषेची जुनी नोंदवही होय. तथापि त्या नोंदीत काय टिपले आहे आणि काय टिपलेले नाही, याचा विवेक केल्यावाचून तिचा पुरावा म्हणून उपयोग करता येत नाही. सह्याद्रीतील नरक्या या लहान वृक्षाचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

या वृक्षाच्या फुलांना दुर्गंधी येते. मराठीतील ‘नरक्या’, कन्नडातील ‘दुर्वासने मर’ आणि जुन्या शास्त्रीय नावातील ‘फोएटिडा’ हे लॅटिन विशेषण, ही तिन्ही त्या वासाचीच नोंद करतात. याच वृक्षास ‘अमृता’ असेही म्हणतात. परंतु संस्कृत वैद्यकात अमृता म्हणजे गुडूची, अर्थात आपली गुळवेल. तेव्हा ‘अमृता’ या नावावरून नरक्याचा कर्करोगनाशक गुण पूर्वजांस ठाऊक होता, असे अनुमान काढणे सयुक्तिक नाही.

तो गुण उघडकीस आला तो निराळ्याच वाटेने. आजच्या नाशिक विभागातील नंदुरबार येथे 1925 साली जन्मलेले व मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासमवेत ‘कॅम्प्टोथेका’ या चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले; त्याची रचना 1966 मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे 1972 मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी मुंबईत गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रातून तेच द्रव्य नरक्यात असल्याचे दाखविले. ज्या द्रव्याचा शोध खानदेशच्या सुपुत्राने परदेशी लावला, ते सह्याद्रीत पूर्वीपासूनच होते.

या द्रव्याचे कार्य असे. पेशीविभाजनाच्या वेळी डीएनएचा पीळ सोडविण्यासाठी टोपोआयसोमरेज हे विकर त्याचा एक धागा कापते व पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन ही जोडणी अडवून धरते आणि पेशी मरते. त्यापासून सिद्ध केलेल्या टोपोटेकान व इरिनोटेकान या औषधांना अमेरिकेत 1996 मध्ये मान्यता मिळाली.

यकृताच्या मूळ कर्करोगावर मात्र ही औषधे एकटी फारशी उपयोगी पडली नाहीत. विषाचे निवारण हा यकृताचा स्वधर्मच आहे. इरिनोटेकानचे क्रियाशील रूप तेथे ग्लुक्युरॉनिक आम्लाशी जोडून निष्प्रभ केले जाते आणि पेशीच्या पटलावरील वाहक प्रथिने ते बाहेर लोटतात. यकृतपेशीतून उद्‌भवलेली गाठ ही सिद्धता वारशानेच घेऊन येऊ शकते.

याहून विचारप्रवर्तक गोष्ट 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. कॅम्प्टोथेसिन निर्माण करणारी वनस्पती स्वतःच्या विषाने का मरत नाही? तिच्या टोपोआयसोमरेजमध्ये 722 व्या स्थानी अस्पॅराजिनऐवजी सेरीन असल्याचे आढळले. आणि हाच बदल औषधास न जुमानणाऱ्या मानवी कर्कपेशींतही पूर्वी दिसला होता. म्हणजे प्रतिरोध हा औषधाच्या वापरातून उपजलेला केवळ आधुनिक दोष नसून, विषाच्या जोडीनेच निसर्गात वाढलेला त्याचा सोबती होय.

यावरून एक गोष्ट निश्चित होते. काचनलिकेतील यकृतपेशी एखाद्या अर्काने मेल्या, एवढ्यावरून तो अर्क रुग्णास तारील असे ठरत नाही. आणि नावातील अमृत तर त्याहूनही दुबळा पुरावा. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील वैद्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली, हे येथे ध्यानात घ्यावे. दुसरीकडे, औषधी मागणीपायी झालेल्या तोडीमुळे सह्याद्रीतील नरक्या विरळ होत गेला आहे. प्रतिरोधाचे कोडे सोडविण्यास ज्या वनस्पतींचा अभ्यास हवा, त्यांतील ही एक आपल्या दारी आहे. ती नाहीशी झाल्यास कोशात नाव तेवढे उरेल, आणि ते कशाचे नाव होते हे सांगावयास वृक्ष नसेल.