सड्यावरचे शेवाळ आणि सरकारी पैसा

मृगाचा पाऊस लागला की लांज्याच्या सड्यांवरून चालताना पाऊल जपून टाकावे लागते. उन्हाळाभर तापून काळवंडलेला जांभा काही दिवसांतच हिरवा आणि बुळबुळीत होतो. अशाच एका पावसाळ्यात तिथल्या विद्यार्थ्यांशी गप्पा मारताना नववीतल्या एका मुलीने आम्हांला विचारले, "सर, शेवाळापासून डिझेल करतात ना? मग आमच्या सड्यावरचे का नाही करत?" त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर अपुरे होते. पुरे उत्तर द्यायचे तर रसायनशास्त्राबरोबर थोडा इतिहासही सांगावा लागतो.

रसायनशास्त्राचा भाग सोपा आहे. शेवाळ, म्हणजेच शैवाल, सूर्यप्रकाशात पाणी व कार्बन डायऑक्साइड वापरून स्वतःचे अन्न तयार करते. काही सूक्ष्म शैवाले या अन्नाचा बराच भाग मेदाच्या रूपात साठवतात. त्या मेदाची मिथेनॉलशी अभिक्रिया घडवली की बायोडिझेल मिळते.

इतिहास सुरू होतो तो तेलाच्या टंचाईपासून. 1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाच्या किमती काही महिन्यांत चौपट झाल्या. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 1978 मध्ये शैवालापासून इंधन मिळवण्याचा एक दीर्घ कार्यक्रम हाती घेतला. तो 1996 पर्यंत चालला आणि त्यावर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च झाले. संशोधकांनी तळी, खाड्या, खारी डबकी धुंडाळून सुमारे 3000 वाण गोळा केले व त्यांतून जवळजवळ 300 निवडले. न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथे हजार चौरस मीटरचे उघडे हौद बांधून प्रत्यक्ष लागवडही केली.

हाती काय आले? एक महत्त्वाची गोष्ट अशी कळली की, शैवालाला नायट्रोजन कमी पडू दिला तर पेशीतील मेदाचे प्रमाण वाढते, पण पेशींची वाढच मंदावते. त्यामुळे एकूण तेल काही वाढत नाही. दुसरी अडचण पाण्याची. हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. हौदातल्या एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम कोरडे शैवाल धरले, तर एक किलो शैवालासाठी 2000 लिटर पाणी गाळावे लागेल. त्यात एक चतुर्थांश मेद धरला, तर एक किलो तेलासाठी 8000 लिटर, म्हणजे दहा लिटरच्या आठशे बादल्या! एवढे पाणी ढवळायला, उपसायला आणि गाळायला ऊर्जा लागते, ती वेगळीच.

दरम्यान तेल पुन्हा स्वस्त झाले होते. खात्याने उपलब्ध पैसा इथेनॉलकडे वळवला आणि 1996 मध्ये कार्यक्रम बंद केला. 1998 च्या समारोपाच्या अहवालाने स्पष्ट लिहिले, की आशावादी हिशेबानेही शैवालाचे डिझेल खनिज डिझेलच्या दुप्पट महाग पडेल. निवडलेले वाण हवाई विद्यापीठाकडे गेले. परंतु जिवंत वाण सांभाळायला सतत पैसा व माणसे लागतात. पुढे त्या संग्रहातील निम्म्याहून अधिक वाण नाहीसे झाले. अपयशाचा अहवाल मात्र टिकला आणि आजही तो संशोधकांच्या उपयोगी पडतो.

2008 मध्ये तेल पिंपामागे 147 डॉलरपर्यंत चढले आणि शैवालाची आठवण पुन्हा झाली. जानेवारी 2010 मध्ये अमेरिकेने शैवाल व प्रगत जैवइंधनांच्या दोन सहकारी प्रकल्पांना मिळून सुमारे 7 कोटी 80 लाख डॉलर जाहीर केले. त्यांतल्या शैवालाच्या प्रकल्पात विद्यापीठे, सरकारी प्रयोगशाळा आणि कंपन्या एकत्र आल्या. त्यांनाही नवे वाण शोधण्यापासून सुरुवात करावी लागली.

आपल्याकडेही याच सुमारास हालचाल झाली. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2008 मध्ये मुंबईत, माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, प्रा. अरविंद लाली यांच्या नेतृत्वाखाली जैवऊर्जेचे केंद्र उभे केले. तिथल्या तंत्राने काशीपूर येथे पिकांच्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल बनवणारा, रोज 10 टन कचरा वापरणारा प्रात्यक्षिक कारखाना 2016 मध्ये सुरू झाला. भावनगरच्या केंद्रीय संस्थेने इतर संस्थांच्या साह्याने सागरी शैवालाचे बायोडिझेल बनवले आणि 2012 मध्ये, साध्या डिझेलमध्ये वीस टक्के मिसळून, त्यावर गाडी चालवून दाखवली. 2019 च्या 'जीवन' योजनेत प्रगत जैवइंधनांसाठी 1969 कोटी 50 लाख रुपयांची तरतूद झाली. तिचा रोख मुख्यतः काडीकचऱ्याच्या इथेनॉलवर होता.

शैवालाच्या बाबतीत आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती पवईची गोष्ट. आयआयटी मुंबईचे प्रा. प्रमोद वांगीकर व त्यांच्या सहकाऱ्यांना पवई तलावात एक नीलहरित शैवाल सापडले. (काटेकोर बोलायचे तर हा जीवाणू.) पुरेसा प्रकाश आणि 41 अंश सेल्सिअस तापमान मिळाले, तर साध्या हवेतही ते अडीच तासांच्या आत दुप्पट होते. हे संशोधन 2018 मध्ये प्रसिद्ध झाले आणि तो वाण पॅरिसच्या पाश्चर संग्रहात 'पीसीसी 11801' या क्रमांकाने जमा झाला. आज जगातील कोणताही संशोधक तो मागवू शकतो. आपल्या उन्हाळ्यात तगणारा वाण रॉसवेलच्या हौदात नव्हे, आपल्याच तळ्यात मिळाला.

आता त्या मुलीचे उत्तर. सड्यावरचा थर इतका पातळ असतो आणि पावसाळी आभाळाखाली इतका थोडा वाढतो, की त्यातून डिझेल परवडणार नाही. दिवाळीनंतर तर तो सुकूनच जातो. पण वर्षातले कित्येक महिने जांभ्यावर कोरडे पडून पहिल्या पावसाला पुन्हा हिरवे होणारे जीव त्यात आहेत. त्यांचे वाण वेगळे करून, क्रमांक देऊन जपणे हे खरे काम आहे, आणि त्याला तेलाच्या भावावर अवलंबून नसलेला पैसा हवा.

त्याची छोटी सुरुवात शाळेत करता येईल. यंदाच्या पावसाळ्यात मुलांनी थोडे शेवाळ खरवडून स्वच्छ बाटल्यांत पाण्यात ठेवावे, बाटलीवर जागा व तारीख लिहावी आणि दर आठवड्याला सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वहीत नोंद करावी. काही बाटल्या मरतील. त्यांची नोंदही, कारणाच्या अंदाजासह, त्याच वहीत ठेवावी.